अमॉर्फिस ऐकायचाय? मग पहिल्या अल्बमपासून सुरुवात करू नका

गेल्या दिवाळीत भाच्याने विचारलं, "मामा, तो तुझा फिनलंडवाला बँड कुठून ऐकायला घेऊ?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "घे की पहिल्यापासून." भाऊबीजेला निघताना त्याने हिशेब दिला: "दीड गाणं झालं, पुढे गाडी गेली नाही." चूक माझी होती. अमॉर्फिसच्या बाबतीत 'पहिल्यापासून' हा सगळ्यात वाईट सल्ला आहे, आणि मी स्वतःही हा बँड पहिल्यापासून ऐकलेला नव्हता. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. १९९० साली हेलसिंकीत सुरू झालेला हा बँड. २०२५च्या 'बॉर्डरलँड'पर्यंत १५ स्टुडिओ अल्बम झाले. सुरुवात डेथ मेटलने (मेटलचा जड गिटारचा, घोगऱ्या आवाजाचा प्रकार), मग त्यात फिनिश लोकसंगीताची चाल आली, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकसारखे कीबोर्ड आले, सॅक्सोफोन आला, बासरी आली, पुढे कॉयर (समूहगान) आणि ऑर्केस्ट्राही. नावसुद्धा 'अमॉर्फस', म्हणजे ठराविक आकार नसलेलं, या शब्दावरून घेतलंय. त्यामुळे पाच चाहत्यांना विचारलंत तर पाच वेगवेगळ्या बँडचं वर्णन ऐकायला मिळेल, आणि पाचही खरी असतील.

माझं मत असं की आकार कितीही बदलला तरी या बँडमध्ये एक गोष्ट जागची हललेली नाही: लीड गिटारिस्ट एसा होलोपाइनेनची धून. सोलोमध्ये बोटांची कसरत करणारे गिटारिस्ट मेटलमध्ये ढिगाने आहेत. हा माणूस चाल बांधतो, आणि ती भाजी चिरतानाही गुणगुणता येते. ती धून कानात बसली की बाकीचा पसारा लागत जातो. खालच्या सगळ्या पायऱ्या तिला धरूनच आहेत.

पहिली पायरी: ग्रोल ऐकू नका, गिटार ऐका

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बेस गायब होतो, दोन गिटार एकमेकींत कालवल्या जातात आणि उरतो तो नुसता मिक्सर लावल्यासारखा घरघराट. दोन-तीनशे रुपयांचे वायरवाले इयरफोनसुद्धा चालतील, पण कानात काहीतरी घाला.

नवख्या माणसाला अडवतो तो ग्रोल, म्हणजे घशाच्या तळातून काढलेला, शब्द नीट न कळणारा आवाज. "हा माणूस ओरडतोय का?" हा प्रश्न आमच्या घरातही विचारून झालाय. यावर माझा उपाय साधा आहे. पहिल्या दोन-तीन वेळा त्या आवाजाला गायक समजूच नका. ड्रमसारखं आणखी एक वाद्य समजा. लक्ष वरच्या गिटारवर ठेवा. गाणं संपल्यावर फोन बंद करा आणि जे आठवतंय ते गुणगुणून बघा. दहापैकी आठ वेळा तोंडात येईल ती गिटारची ओळ.

गाण्यांचे शब्द इंग्रजी आहेत. ते दुसऱ्यांदा ऐकताना समोर ठेवा. पहिल्यांदा ठेवलेत तर तुम्ही वाचत बसाल.

दुसरी पायरी: तीन गाणी, एका बैठकीत

'हाउस ऑफ स्लीप' (२००६). स्वच्छ आवाजातलं, सरळ चालीचं गाणं. मेटल न ऐकणाऱ्या माणसालाही हे चालतं. आमच्या ऑफिसच्या कॅबमध्ये मी ते लावलंय आणि कुणी तक्रार केली नाही.

'सिल्व्हर ब्राइड' (२००९). इथे गिटारची धून जास्त पुढे येते आणि कोरस मोठा होतो.

'ब्लॅक विंटर डे' (१९९४). कीबोर्डने हळू सुरू होतं आणि मग ग्रोल कोसळतो. आवाज वेगळा, गायक वेगळा, सगळी पोरं विशीच्या आसपासची. आता गिटार ऐका. 'सिल्व्हर ब्राइड'मधला हात तुम्हाला इथे ओळखू येईल.

तिन्ही मिळून पाव तासाच्या आत संपतात. तिसरं गाणं अंगावर आलं तरी हरकत नाही, त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

तिसरी पायरी: एक अल्बम पूर्ण, तो 'स्कायफोर्जर'

२००९चा हा अल्बम मी सगळ्यांना पहिला देतो. चाहत्यांमधले जुने-जाणते यावर नाकं मुरडतात; त्यांच्या मते सुरुवात १९९४च्या अल्बमनेच व्हायला हवी. त्यांचं बरोबर असेल, पण त्यांनी भाच्याला गमावलेलं नाही.

'स्कायफोर्जर' मध्यावर उभा आहे. त्यात ग्रोल आहे पण बेताचा. लोकसंगीताची चाल आहे, पण ती ढोल-पिपाणीच्या जत्रेत बदलत नाही. सांतेरी काल्लियोचे कीबोर्ड गिटारच्या मागे उभे राहतात, तिला झाकत नाहीत. 'सांपो' या पहिल्या गाण्यातच तोमी योउत्सेन एका श्वासात स्वच्छ गातो आणि दुसऱ्या श्वासात ग्रोल करतो. 'फ्रॉम द हेवन ऑफ माय हार्ट' आणि 'स्काय इज माइन' ही दोन गाणी धून पकडण्याच्या सरावासाठी ठेवा.

अल्बममागे एक गोष्ट आहे, ती माहीत असली तर मजा दुप्पट. इल्मारिनेन हा फिनलंडच्या पुराणकथांमधला लोहार. आभाळाचा घुमट त्यानेच घडवला. 'सांपो' नावाचं अद्भुत जातंही त्याचंच, एका बाजूने पीठ, दुसरीकडून मीठ आणि तिसरीकडून पैसे दळणारं. बायको मेल्यावर या कारागिराने भट्टी पेटवली आणि सोन्या-चांदीची नवी बायको घडवली. रात्री तिच्याशेजारी निजला, तर तिच्याकडची कूस गारठून गेली. मग तो तिला दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघाला. समोरच्यानेही ती नाकारली. 'सिल्व्हर ब्राइड' ही तीच बाई. आता गाणं पुन्हा ऐका, त्याचा भपकेदार कोरस थोडा केविलवाणा वाटू लागेल.

चौथी पायरी: कालेवालाची तोंडओळख, अर्ध्या तासात

इल्मारिनेनची गोष्ट आली ती 'कालेवाला'तून. एलियास ल्योनरोट हा पेशाने डॉक्टर, फिनलंडच्या ईशान्येकडच्या कायानी गावात सरकारी नोकरीवर. कारेलियाच्या, म्हणजे फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशाच्या, खेड्यांतून हिंडून त्याने म्हाताऱ्या गायकांकडून गाणी उतरवून घेतली, ती जुळवली, सांधे आपल्या हाताने भरले आणि १८३५ साली महाकाव्य छापलं. १८४९ची वाढवलेली आवृत्ती आज प्रमाण मानतात: ५० सर्ग, २२,७९५ ओळी. २८ फेब्रुवारीला फिनलंडमध्ये कालेवाला दिन असतो.

पूर्ण वाचायची गरज नाही. पाच नावं पुरेत. वाइनामोइनेन हा म्हातारा, शहाणा गायक. इल्मारिनेन लोहार. लेम्मिन्काइनेन हा देखणा, भांडखोर, बायकांच्या मागे लागणारा. कुल्लेर्वो हा गुलामीत वाढलेला अभागी पोर. आणि तुओनेला म्हणजे मृतांचा देश, काळ्या नदीपलीकडचा.

एक गोष्ट मात्र कानाने समजून घ्या. ही गाणी आठ-आठ अक्षरांच्या ओळींत असतात आणि एकच अर्थ लागोपाठच्या दोन ओळींत थोड्या फरकाने पुन्हा येतो. जुन्या चाली बहुतेक पाच स्वरांच्या आत फिरतात, आणि कांतेले हे तिथलं तंतुवाद्यही मुळात पाच तारांचं. पाच मात्रांचा ठेका, लहानसा पल्ला, घोटून घोटून तीच ओळ. होलोपाइनेनची गिटार अनेकदा हेच करते, फक्त अँप्लिफायर लावून.

उच्चारांबद्दलही सांगून टाकतो. फिनिश भाषा लिहिल्यासारखी बोलतात, जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि रोमन 'जे'चा उच्चार 'य' होतो. म्हणून गायकाचं आडनाव योउत्सेन. याचा अर्थ हंस. तुओनेलाच्या नदीवर हंस असतो आणि हा माणूस तिथलीच गाणी गातो, हा योगायोग मला अजून आवडतो.

पाचवी पायरी: आता मागे चला, १९९० ते १९९४

होलोपाइनेन, तोमी कोइवुसारी, ड्रमवर यान रेखबर्गर आणि बेसवर ओली-पेक्का लाइने. सतरा-अठरा वर्षांची पोरं. कोइवुसारी आधी अ‍ॅबहॉरन्स नावाच्या डेथ मेटल बँडमध्ये होता, आणि अमॉर्फिसमध्ये तो गिटार वाजवता वाजवता ग्रोल करायचा. १९९१च्या डेमोवरून, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगवरून, अमेरिकेतल्या रिलॅप्स रेकॉर्ड्सने त्यांना घेतलं.

१९९२चा पहिला अल्बम 'द कारेलियन इस्थमस'. नाव आहे फिनलंडचं आखात आणि लाडोगा सरोवर यांच्यामधल्या भूपट्ट्याचं, जो दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या हातून सोव्हिएत युनियनकडे गेला. रेकॉर्डिंग स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, तोमास स्कोग्सबेरीकडे. त्या काळी स्वीडिश डेथ मेटलचा तो करवतीसारखा गिटार-आवाज याच स्टुडिओतून निघत होता. अल्बम चांगला आहे, पण नवख्यासाठी तो शेवटून दुसरा. माझा भाचा इथेच पडला.

दोन वर्षांत काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. जुलै १९९४मध्ये, पुन्हा सनलाइटमध्येच ध्वनिमुद्रित केलेला 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' आला. सगळे शब्द कालेवालाच्या इंग्रजी भाषांतरातले. कास्पर मोर्टेनसन कीबोर्डवर, त्यात मूग सिंथेसायझर, म्हणजे डेथ मेटलवाले ज्याला 'आमच्या बापाच्या रेकॉर्डमधलं' म्हणून हसले असते ते यंत्र. स्वच्छ आवाजातल्या ओळींसाठी विल्ले तुओमी हा पाहुणा. ज्या काळात जास्त जोरात आणि जास्त वेगात वाजवण्याची स्पर्धा चालू होती, तेव्हा या पोरांनी वेग कमी केला आणि चाल पुढे आणली.

ऐकताना क्रम मोडू नका. पहिला तुकडा 'थाउजंड लेक्स' हा निव्वळ कीबोर्डचा, त्याला लागून 'इंटू हायडिंग'. मग 'द कास्टअवे'. 'ब्लॅक विंटर डे'च्या लगेच पुढचं 'ड्राउन्ड मेड' म्हणजे ऐनो, म्हाताऱ्या वाइनामोइनेनशी लग्न लावून देतील म्हणून पाण्यात गेलेली मुलगी.

आता 'ब्लॅक विंटर डे'बद्दल. मी कित्येक वर्षं हे गाणं थंडीचं, अंधाराचं, एकूणच फिनलंडी उदासीचं समजत होतो. शब्द नीट पाहिल्यावर कळलं की ते कालेवालाच्या बाविसाव्या सर्गातले आहेत. तिथे लग्न होऊन नवरी सासरी निघालीय आणि बायका तिला रडवतायत, कारण नवरीने निघताना रडायचं असतं. ती म्हणते, सुखी माणसांचं मन वसंतातल्या सकाळीसारखं असतं. माझं मन मात्र शरदातल्या रात्रीसारखं, हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखं. म्हणजे हे पाठवणीचं गाणं आहे! विशीतली पोरं घशाच्या तळातून मुलीच्या पाठवणीचं गाणं म्हणतायत. आपल्याकडे मांडवात ज्याने मुलीची पाठवणी पाहिलीय, त्याला हे गाणं परकं वाटण्याचं कारण नाही. मला तरी त्यानंतर ते डेथ मेटल म्हणून ऐकूच आलेलं नाही.

सहावी पायरी: 'एलेजी', आणि इथे घाई नको

एकच अल्बम ठेवायचा असेल तर मी १९९६चा 'एलेजी' ठेवीन. महिनाभर द्या त्याला.

आधी माणसं बदलली. रेखबर्गर गेला, ड्रमवर स्टोन या फिनिश थ्रॅश (वेगवान मेटल) बँडमधला पेक्का कासारी आला, कीबोर्डवर किम रांताला. मुख्य म्हणजे स्वच्छ गाण्यासाठी पासी कोस्किनेन आला. ग्रोल कोइवुसारीकडेच राहिला. दोन गायक, दोन आवाज, एकाच गाण्यात.

शब्दही बदलले. कालेवालाऐवजी 'कांतेलेतार'. हेही ल्योनरोटनेच १८४० साली छापलं, पण यात वीरपुरुष नाहीत. सहाशेहून अधिक लहान गाणी आणि कथागीतं, त्यातली पुष्कळशी बायकांनी गायलेली. अनाथ मुलगी, सासुरवाशीण, गरीब-श्रीमंत, विधवेशी लग्न करू नकोस असा तरुणांना सल्ला. गाण्यांची नावंच पाहा: 'द ऑर्फन', 'ऑन रिच अँड पुअर', 'अगेन्स्ट विडोज'. ज्यांनी आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्यात, त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. तक्रार आहे, पण ती कामाच्या ठेक्यात बसवलेली. दुःख आहे, पण ते सांगताना चाल सुटत नाही.

ऐकायचा क्रम असा ठेवा.

सुरुवात 'माय कांतेले'ने. कथा सांगते की पहिलं कांतेले वाइनामोइनेनने एका प्रचंड माशाच्या जबड्यापासून केलं. कांतेलेतारमधली बाई म्हणते, खोटं आहे ते. हे वाद्य दुःखाचं केलेलं आहे. त्याची पोकळी कठीण दिवसांची, तारा सोसण्याच्या. अल्बममध्ये हे गाणं दोनदा आहे, एकदा पूर्ण बँडनिशी आणि शेवटी अकूस्टिक. आधी अकूस्टिक ऐका, मग मोठं. उलटं केलंत तर धून पोचायला वेळ लागतो.

मग 'बेटर अनबॉर्न', अल्बमचं पहिलं गाणं. सतारीसारख्या आवाजाने उघडतं. आपल्याकडचे श्रोते इथे चमकतात आणि राग शोधू लागतात. शोधू नका, तिथे राग नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकमधून आलेला तो रंग आहे, आणि फिनिश चालीवर तो कसा काय चढला याचं मला आजही कुतूहल आहे.

'केअर्स' तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. त्यात मध्येच डान्स फ्लोअरवरचा ठोका सुरू होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, प्लेअरने चुकून दुसरं गाणं लावलं. अजूनही तो तुकडा पूर्ण जमलाय असं मी म्हणणार नाही. पण असा तुकडा ठेवण्याची हिंमत असलेल्या लोकांनी बाकीची नऊ-दहा गाणी केली आहेत हे लक्षात ठेवा. 'वीपर ऑन द शोअर' आणि 'एलेजी' मात्र रात्री, दिवा बंद करून.

सातवी पायरी: भांडणाचा काळ, १९९९ ते २००३

चाहते इथे दोन तट पाडून बसतात. 'तुओनेला' (१९९९) मध्ये ग्रोल जवळजवळ गेला. 'ग्रीड' या एका गाण्यात तेवढा भेटतो. शब्द आता कोस्किनेन स्वतः लिहीत होता. सॅक्सोफोन आणि बासरी वाजवायला आला साकारी कुक्को, पिरपाउके या जुन्या फिनिश जॅझ-लोकसंगीत बँडचा. 'रस्टी मून'मधली बासरी ऐका, आणि मग सांगा यांनी मेटल सोडलं म्हणून इतका आरडाओरडा का झाला. मला हा अल्बम फार प्रिय आहे. पावसाळ्यात खिडकीशी बसून ऐकायला यासारखा दुसरा नाही.

'अ‍ॅम युनिव्हर्सम' (२००१) आणखी सायकेडेलिक. त्यातलं 'अलोन' ऐका. 'फार फ्रॉम द सन' (२००३) एका मोठ्या कंपनीसाठी केलेला आणि सगळ्यात दमलेला. नवख्याने 'डे ऑफ युअर बिलीफ्स' ऐकावं आणि पुढे जावं. या दरम्यान लाइने गेला, त्याच्या जागी निक्लास एतेलावुओरी आला, रेखबर्गर परतला. २००४मध्ये कोस्किनेन बाहेर पडला आणि बँड संपला असं पुष्कळांना वाटलं.

आठवी पायरी: हंस येतो

२००५मध्ये सिनिस्थ्रा बँडमधला तोमी योउत्सेन आला. आतापर्यंत स्वच्छ आवाज एकाचा आणि ग्रोल दुसऱ्याचा अशी विभागणी होती. हा दोन्ही करायचा. पहिलाच अल्बम 'एक्लिप्स' (२००६) फिनलंडमध्ये गोल्ड झाला.

'एक्लिप्स'चे शब्द पावो हाविक्को या फिनिश कवीच्या कुल्लेर्वोवरच्या नाटकातून घेतलेत. कुल्लेर्वो इल्मारिनेनच्या घरी गुलाम. मालकिणीने थट्टा म्हणून त्याच्या भाकरीत दगड भरला. कापायला गेला तर बापाची एकमेव आठवण असलेली सुरी मोडली. तिथून सूड, अजाणता बहिणीशी संबंध, आणि शेवटी स्वतःच्या तलवारीवर. 'सेम फ्लेश' हे गाणं त्या बहिणीचं आहे. 'हाउस ऑफ स्लीप'सारखं गोड गाणं याच अल्बममध्ये आहे हे आता जरा विचित्र वाटेल. वाटू द्या.

पुढच्या वर्षीच्या 'सायलेंट वॉटर्स'पासून शब्द पेक्का काइनुलाइनेनचे. तो फिनिशमध्ये लिहितो, मग त्याचं इंग्रजी होतं. हा अल्बम लेम्मिन्काइनेनचा. ऐकण्याआधी एक काम करा: आक्सेली गालेन-काल्लेला या चित्रकाराचं १८९७चं 'लेम्मिन्काइनेनची आई' हे चित्र इंटरनेटवर पाहा, मूळ हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. पोराला मारून तुकडे करून तुओनेलाच्या नदीत टाकलंय. आईने दाताळ्याने तुकडे ओढून काढलेत, जुळवलेत आणि ती वर पाहत बसलीय, मधमाशी मध आणील म्हणून. काळ्या पाण्यावर हंस. चित्र पाहून मग शीर्षकगीत लावा.

'स्कायफोर्जर' झालाच आहे. 'द बिगिनिंग ऑफ टाइम्स' (२०११) वाइनामोइनेनचा आणि माझ्या मते दोन-तीन गाणी जास्त झालेला. 'यू आय नीड' घ्या. 'सर्कल' (२०१३) स्वीडनच्या पेटर टेग्टग्रेनने केला. त्यात कालेवाला नाही, काइनुलाइनेनने रचलेली स्वतंत्र गोष्ट आहे आणि आवाज जाड झालाय. 'होपलेस डेज' आधी ऐका.

नववी पायरी: २०१५ नंतर

'अंडर द रेड क्लाउड' (२०१५), 'क्वीन ऑफ टाइम' (२०१८) आणि 'हेलो' (२०२२) हे तिन्ही येन्स बोग्रेन या स्वीडिश निर्मात्याबरोबरचे. ग्रोल वाढला आणि त्याबरोबर सगळंच मोठं झालं. पहिल्यात एलुव्हेइटी या स्विस फोक मेटल बँडच्या ख्रिगेल ग्लान्झमनची बासरी आहे. 'डेथ ऑफ अ किंग' आणि 'ट्री ऑफ एजेस' ही दोन गाणी आधी. 'क्वीन ऑफ टाइम'मध्ये कॉयर, ऑर्केस्ट्रा, नॉर्वेच्या योर्गेन मुंकेबीचा सॅक्सोफोन, डच गायिका आनेके फान गीर्सबर्गनचा आवाज, शिवाय 'डॉटर ऑफ हेट'मध्ये खुद्द काइनुलाइनेन फिनिशमध्ये बोलतो. मला इथे कधीकधी लग्नाच्या बुफेत उभं असल्यासारखं होतं. ताट लहान, पदार्थ फार. पण 'द बी' सुरू झालं की तक्रार विसरतो. ती मधमाशी लेम्मिन्काइनेनच्या आईच्या चित्रातून आठवली तर उत्तम.

२०१७मध्ये लाइने बेसवर परतला. म्हणजे १९९०चे चौघेही पुन्हा एका मंचावर, बरोबर योउत्सेन आणि काल्लियो. 'बॉर्डरलँड' त्याच सहा जणांचा, निर्माता मात्र डेन्मार्कचा याकोब हान्सन.

एक ताकीद. 'फिनिश फोक मेटल' असं शोधलंत तर फिनट्रोल आणि कोर्पिक्लानी समोर येतील: अकॉर्डियन, हुंप्पा या फिनिश नाचाचा ठेका, हातात बीअरचे प्याले. मजेशीर आहेत, मलाही आवडतात, पण ती वेगळी गल्ली. अमॉर्फिसनंतर त्याच वाटेने पुढे जायचं असेल तर इनसोम्नियम आणि मूनसॉरो ऐका.

शेवटी ठेवायचं ते

'द कारेलियन इस्थमस' आता ऐका. कान तयार झालेत, करवतीच्या आवाजाखालची धून आता सापडेल. भाच्याने मागच्या महिन्यात ऐकला, साडेतीन गाण्यांपर्यंत पोचलाय.

त्यानंतर 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'चं हेलसिंकीच्या तावास्तिया क्लबमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग, २०२४मध्ये आलेलं. मूळ अल्बम आणि हे लाइव्ह दोन्ही शेजारी ठेवून 'ब्लॅक विंटर डे' पाठोपाठ लावा. पहिल्यात कोइवुसारी गिटार वाजवता वाजवता ग्रोल करतोय, दुसऱ्यात ते काम योउत्सेनकडे आहे आणि पन्नाशीला टेकलेला कोइवुसारी फक्त गिटार वाजवतोय. नवरी अजून उंबऱ्यातच उभी आहे.